जमाखर्चाच्या वहीतील सरस्वती

दिवाळीत व्यापाऱ्याच्या घरी वहीपूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, ‘श्री’ लिहिली जाते, आणि लक्ष्मी व गणपती यांच्या जोडीला सरस्वतीही पाटावर येऊन बसते. आता सरकारी आर्थिक वर्ष एक एप्रिलला सुरू होते आणि बहुतेक जमाखर्च यंत्रावर होतो. तरी ही पूजा काही सुटलेली नाही. लक्ष्मीच्या दिवशी सरस्वतीचे काय काम, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वहीतील रक्कम लक्ष्मीची असली तरी अक्षर सरस्वतीचे आहे, हे आपल्या पूर्वजांनी न बोलता मान्य केले होते, असेच म्हणावे लागेल.

ही गोष्ट आज काढण्याचे कारण म्हणजे अलीकडे घरोघर येऊ लागलेली महाविद्यालयांची गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रके. बारावीनंतर घ्यावयाची वाणिज्याची एक नवी पदवी त्यांतून जाहीर होत असते. तीत अर्थशास्त्र असते, व्यवस्थापन असते, आणि शिवाय ती ‘लिबरल आर्ट्स’च्या, म्हणजे साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा उदारविद्यांच्या छायेत दिली जाते. मी वाशीम जिल्ह्यातील कामरगावी राहतो आणि दुसऱ्यांचे हिशेब लिहून पोट भरतो. त्यामुळे अशी पत्रके घेऊन लोक माझ्याकडे येतात. मागे एक कास्तकार गृहस्थ आपल्या मुलीसाठी असेच पत्रक घेऊन आले आणि म्हणाले, “काका, हे चार वर्साचं शिकून पोरगी पुढं करीन काय?” प्रश्न सरळ होता, पण त्याचे उत्तर सरळ नव्हते. त्या उत्तराचा शोध घ्यावा म्हणून हा लेख.

अभ्यासक्रम हाही एक ग्रंथच असतो, असे मी मानतो. त्याला प्रकरणे असतात, त्यांचा क्रम असतो, आणि तो चांगला असेल तर सगळी प्रकरणे एका सूत्रात ओवलेली असतात. तेव्हा एखाद्या कादंबरीची चिकित्सा आपण करतो, तशीच या पदवीची करावयाला हरकत नसावी.

आधी नावाकडे पाहू. ‘लिबरल’ हा शब्द लॅटिनमधील ‘स्वतंत्र’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. जुन्या ग्रीक व रोमन समाजात या विद्या स्वतंत्र नागरिकाच्या मानल्या जात. गुलामाने आणि कारागिराने हात चालवावेत, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. व्यापाराला तर त्या पंक्तीत पाटच नव्हता. ॲरिस्टॉटलने ‘घर चालविण्याची विद्या’ आणि ‘पैसा वाढविण्याची विद्या’ असा भेद केला आणि दुसरीकडे संशयाने पाहिले. ‘इकॉनॉमिक्स’ हा शब्द त्यातल्या पहिल्या विद्येच्या नावावरून निघाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अर्थशास्त्र मुळात घरगृहस्थीचे शास्त्र आहे. महिनाअखेरीस डब्यातले पैसे मोजणाऱ्या गृहिणीला हे सांगावे लागत नाही.

पुढे व्यापारानेच विद्येच्या दारावर थाप मारली. १४९४ मध्ये व्हेनिस शहरी लुका पाचोली या ख्रिस्ती साधूचा एक गणितग्रंथ छापला गेला, आणि दुहेरी नोंदीची जमाखर्चपद्धती त्यात प्रथमच छापील स्वरूपात विस्ताराने मांडली गेली. हाच पाचोली लिओनार्दो द व्हिंचीचा मित्र होता. त्याच्या दुसऱ्या एका ग्रंथासाठी लिओनार्दोने आकृत्या काढल्या. जमाखर्च, भूमिती आणि चित्रकला एका बैठकीला बसू शकतात, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

वाणिज्याची पदवी ही मात्र विसाव्या शतकाची निर्मिती. इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठाने १९०२ मध्ये वाणिज्याची शाखा उघडली, आणि तिची धुरा सोपविली ती विल्यम ॲश्ली यांच्यावर. हे ॲश्ली कोणी कारखानदार नव्हते. ते आर्थिक इतिहासाचे पंडित होते. आपल्याकडे १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय निघाले. तेथे १९१८ ते १९२० या काळात राजकीय अर्थशास्त्र शिकविणारे एक तरुण प्राध्यापक होते. त्यांचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचाही अभ्यास केला होता, आणि १९१५ साली एम. ए. साठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन भारतीय व्यापार. पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चलनाचा विनिमयदर हा रुक्ष विषय. पण तो हाताळताना त्या दराचा भार शेवटी कोणाच्या पाठीवर पडतो, ही दृष्टी त्यांनी सोडली नाही. ज्याला आज ‘वाणिज्य आणि उदारविद्यांचा संगम’ म्हणून मोठ्या अक्षरांत छापतात, तो हाच नव्हे काय?

मराठीत तर ही परंपरा याहूनही जुनी आहे. लोकहितवादींनी ‘लक्ष्मीज्ञान’ हे अर्थशास्त्रावरील पुस्तक १८४९ मध्ये लिहिले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ चे. हेच कृष्णशास्त्री अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणतात, ‘मेघदूता’चे रूपांतर करतात आणि व्याकरणावरही लिहितात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले आणि अर्थशास्त्राचे नियम देशकालनिरपेक्ष नसतात असे ठासून सांगितले. हे सांगण्याचे बळ त्यांना त्यांच्या इतिहासाच्या व्यासंगाने दिले होते. आणि अगदी अलीकडे या, तर नवकथेचे अग्रणी गंगाधर गाडगीळ हे पेशाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक, मुंबईतील एका नामांकित वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य. मध्यमवर्गीय माणसाच्या मनातील बारीकसारीक देवघेव त्यांना इतकी अचूक कशी टिपता आली, याचे थोडेसे श्रेय मी त्यांच्या वर्गातील फळ्यालाही देईन.

मग बिघडले कोठे? वाणिज्य शाखेची वाढ झाली आणि तिचा आत्मा आक्रसत गेला. पदवी म्हणजे नोकरीचा परवाना, आणि परवान्यासाठी लागतील तेवढेच नियम पाठ करावयाचे, असा व्यवहार रूढ झाला. हा दोष एकट्या आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९५९ मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या दोन संस्थांच्या वतीने दोन स्वतंत्र अहवाल निघाले. व्यापारशिक्षण अतिशय संकुचित व केवळ धंदेवाईक झाले आहे, त्याला उदारविद्यांची जोड द्या, असा दोन्हींचा रोख होता. २०११ मध्ये शिक्षणविषयक कार्नेगी प्रतिष्ठानातर्फे निघालेल्या एका ग्रंथाने पुन्हा जवळजवळ हीच तक्रार मांडली. अर्धशतक उलटून वैद्य तेच औषध सांगतो, तेव्हा रोग्याने ते पोटात घेतलेच नव्हते, असे समजावयास हरकत नाही.

आता आपल्याकडची नवी मांडणी पाहा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला निदान १२० श्रेयांक आणि चार वर्षांच्या पदवीला १६० श्रेयांक लागतात. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र व दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोयही आहे. पुण्यात सिंबायोसिसची उदारविद्यांची शाखा २०११ पासून आहे, फ्लेम विद्यापीठ २०१५ मध्ये स्थापन झाले. आणि आता साधी सरकारी वा अनुदानित महाविद्यालयेही याच वाटेने निघाली आहेत.

या मांडणीचे गुण आधी सांगतो. वाणिज्याच्या मुलाला कवितेचा तास लावता येतो, मुख्य विषयाला मानसशास्त्राची किंवा इतिहासाची जोड देता येते, ही लहान गोष्ट नव्हे. सोळाव्या वर्षी शाखा निवडली की जन्मभर त्याच कप्प्यात राहावयाचे, ही आपली जुनी रीत क्रूर होती. घरच्या अडचणीने शिक्षण मध्येच सोडावे लागणाऱ्या मुलीच्या हाती रिकाम्या वर्षांऐवजी एक प्रमाणपत्र तरी राहते, हेही मी मोलाचे मानतो.

दोष मात्र तीन दिसतात. पहिला दोष सूत्राचा. फराळाच्या ताटात चकली, करंजी, शेव आणि लाडू एकमेकांना न विचारता बसतात. खाणाऱ्याची तक्रार नसते. पण ग्रंथाचे तसे चालत नाही. पहिल्या सत्रात व्यवस्थापनाची मूलतत्त्वे, दुसऱ्यात नाट्यास्वाद, तिसऱ्यात संख्याशास्त्र. प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे बरे, पण एकाने दुसऱ्याला हाक मारलेली नाही. रानड्यांच्या ठायी इतिहास व अर्थशास्त्र एकत्र आले, कारण ‘हा देश दरिद्री का?’ हा एक प्रश्न त्यांना छळीत होता. श्रेयांकांची बेरीज होते. विद्यांचे तसे नाही, त्यांचा गुणाकार व्हावा लागतो, आणि तो करणारा प्रश्न पत्रकात कोठेच छापलेला नसतो.

दुसरा दोष व्यवस्थापन या विषयाच्या स्वरूपाचा. व्यवस्थापन शिकवावयाचे, पण कोणाच्या वतीने? त्यातली बहुतेक उदाहरणे मोठ्या कंपन्यांची असतात. ज्या मुलाच्या बापाकडे पाच एकर कोरडवाहू जमीन आहे आणि डोक्यावर पीककर्ज आहे, त्याच्या संसाराचे व्यवस्थापन हेही व्यवस्थापन आहे, ही गोष्ट त्या पुस्तकांना सुचत नाही. विदर्भातच याहून वेगळा विचार झाला होता. वर्ध्याला १९४० मध्ये शिक्षा मंडळाने वाणिज्य महाविद्यालय काढले. त्याचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४४ मध्ये गांधी विचारांवर आधारलेली आर्थिक योजना देशापुढे ठेवली, आणि तिला खुद्द गांधीजींची प्रस्तावना होती. त्याच गावी मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगांचे अर्थशास्त्र मांडीत होते. कुमारप्पा मूळचे हिशेबतपासनीस. त्यांची सगळी मते मला पटतात असे नाही; पण ताळेबंदात न दिसणारी हानीही मोजली पाहिजे, हा त्यांचा आग्रह त्या पेशातल्या माणसाला शोभणारा होता.

तिसरा दोष अंतराचा आणि पैशाचा. हे शिक्षण त्याच्या भरल्या स्वरूपात मोठ्या शहरात मिळते आणि तेथील खाजगी संस्थांचे शुल्क आमच्याकडील कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. गावाकडच्या महाविद्यालयात तीच योजना येते, पण शिकविणारी माणसे मोजकीच असतात. यादीत दहा ऐच्छिक विषय, आणि प्रत्यक्षात ज्याला अध्यापक आहे तो एकच. मग ऐच्छिक या शब्दाला अर्थ काय राहिला? स्वतंत्र नागरिकाची विद्या पैसेवाल्याला आणि कारकुनी इतरांना, ही अथेन्समधली जुनी वाटणी नव्या नावाने परत येऊ नये, ही माझी खरी काळजी आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. गरिबाच्या मुलीला कविता घेऊन काय करावयाचे? तिला जमाखर्च पक्का येऊ द्या, कराचे नियम येऊ द्या, ती चार पैसे मिळवील. यातील निम्मे मला मान्य आहे. जमाखर्च कच्चा ठेवून त्यावर उदारविद्यांचा वर्ख लावणे ही फसवणूक होय. ज्याला ताळेबंद जुळविता येत नाही, त्याने ताळेबंदाच्या तत्त्वज्ञानावर निबंध लिहू नये. पण उरलेले निम्मे मान्य नाही. नियम आज आहेत, उद्या बदलतील. नुसती बेरीज-वजाबाकी तर आता यंत्रच करते. त्या आकड्यांचा अर्थ लावणे, त्यातली लबाडी ओळखणे आणि दुसऱ्याला ते समजेल असे सांगणे, एवढे माणसाकडे राहते. हे शिकविणारी विद्या चैनीची कशी?

माझ्या मते या पदवीची कसोटी अगदी घरगुती आहे. कापूस विकल्यावर कास्तकाराच्या हाती पडणारी हिशेबपट्टी विद्यार्थ्यासमोर ठेवावी. वजन, दर, ओलाव्यापोटी उतरलेला भाव, हमाली, तोलाई, हाती आलेली रक्कम. जमाखर्च शिकलेला विद्यार्थी ती तपासील आणि घरच्या माणसांच्या मजुरीचा आकडा खर्चात कोठे आहे, असे विचारील. अर्थशास्त्र शिकलेला सांगेल की हा दर गावात ठरत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि युद्ध संपताच ते उतरले. इतिहास शिकलेला विचारील की कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कोणासाठी टाकली गेली होती, आणि १९७२ मध्ये सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी पुढे का टिकली नाही. व्यवस्थापन शिकलेला पाहील की माल चार आठवडे ठेवण्याची सोय असती तर काय झाले असते, आणि दहा कास्तकारांनी एकत्र येऊन विकला असता तर काय झाले असते.

आणि साहित्य? उद्धव शेळके यांची ‘धग’ ही १९६० ची कादंबरी वाचलेल्याला त्या पट्टीमागची कौतिक दिसेल. संसार सावरण्यासाठी ती जे झगडते, त्याची नोंद कोणत्याच खात्यात होत नाही. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला शिकलेला आणि तरीही शेतीतच अडकलेला एकनाथ आठवेल, आणि आपण शिकतो आहोत ते कशासाठी, हा प्रश्न त्या विद्यार्थ्याला स्वतःलाच विचारावा लागेल. त्या एका कागदावर हे पाचही विषय भेटतात. ज्या पदवीत ही भेट घडते ती पदवी चांगली. जेथे पाचही जण पाच खोल्यांत बसून राहतात, तिचे पत्रक कितीही गुळगुळीत असले तरी ती अपुरी.

ही भेट घडवावयास मोठे भांडवल लागत नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या एका खेड्याची जमीन आणि संसार घरोघर जाऊन मोजले, ते पुस्तक १९१७ चे. धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे वाई तालुक्यातील शेतीची पाहणी ‘शेती हा एक व्यवसाय’ या नजरेने केली. ती १९४० मध्ये छापली गेली. हेच गाडगीळ पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विख्यांबरोबर सहकारी साखर कारखाना उभा करण्यात पुढे होते. पाहणी करणारा विद्वान आणि संस्था चालविणारा व्यवस्थापक एकाच देहात नांदू शकतो, हे त्यांनी दाखविले. आमच्याकडच्या लहान महाविद्यालयाने दहा ऐच्छिक विषयांची यादी मिरविण्यापेक्षा दरवर्षी एकच गाव घ्यावे आणि तीन वर्षांचे सगळे विषय त्या गावाभोवती शिकवावेत. हिशेबाच्या अध्यापकाने त्या गावच्या सोसायटीचा ताळेबंद वाचावयास शिकवावे, मराठीच्या अध्यापकाने तेथील म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहून घ्यावयास. शुल्क तेच राहील, पदवीची किंमत मात्र वाढेल.

हे परके वाटावयाचे कारण नाही. आमच्या तालुक्याचे गाव कारंजा हे जुन्या काळापासून व्यापाराचे. पण विद्वान त्याला ओळखतात ते त्याच्या पोथ्यांमुळे. तेथील जैन भांडारांत व्यापारी समाजाने अपभ्रंश भाषेतील काव्ये शतकानुशतके जपून ठेवली. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांची छाननी केली, आणि ‘कारंजा जैन ग्रंथमाले’तून ती जगापुढे येऊ लागली. ज्यांनी कापसाचा आणि धान्याचा भाव केला, त्यांच्याच मंडळींनी पुष्पदंताचे काव्य उधईपासून वाचविले. त्यांच्यापाशी कोणतेही श्रेयांक नव्हते.

तेव्हा ज्या घरांत या दिवाळीनंतर मुलांच्या पुढच्या शिक्षणाचा विचार सुरू होईल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांना मी तीनच प्रश्न सुचवितो. महाविद्यालयात गेल्यावर इमारत पाहू नका; विचारा की यादीतला प्रत्येक विषय शिकवावयास माणूस आहे काय. विचारा की मुलगी पदवी घेईल तेव्हा तिला एखाद्या खऱ्या दुकानाचा, सोसायटीचा वा शेताचा ताळेबंद स्वतः मांडता येईल काय. आणि विचारा की तो ताळेबंद पाहून ‘यात कोणाचे नुकसान लपले आहे?’ हा प्रश्न तिला कोणी विचारावयास शिकविणार आहे काय. पहिल्या दोहोंचे उत्तर होकारार्थी असेल तर मुलीला खुशाल पाठवा. ती उपाशी राहणार नाही. तिसऱ्याचेही असेल, तर थोडी ओढाताण सोसूनही पाठवा.

माझ्याकडे आलेल्या त्या कास्तकार गृहस्थांना मी हेच प्रश्न एका चिठोऱ्यावर लिहून दिले. ते दोन महाविद्यालयांत जाऊन आले. एका ठिकाणी तिसऱ्या प्रश्नाला साहेब नुसतेच हसले. दुसऱ्या ठिकाणी एका तरुण बाईंनी तो चिठोरा मागून घेतला आणि हा प्रश्न आपण वर्गात घालू, असे सांगितले. मुलीचे नाव तेथे घातले आहे.